डिस्पोजलच्या गाडीचा शाफ्ट

ट्रकच्या पोटाखाली गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शिअलपर्यंत एक लांब लोखंडी नळा असतो. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारा तोच. पुस्तकात त्याला काहीही म्हणोत, आमच्या मालेगावात आग्रा रोडच्या गॅरेजांमध्ये त्याला 'शाफ्ट' म्हणतात, फार तर 'प्रोपेलर शाफ्ट'. मी एकदा शुद्ध मराठीच्या आवेशात 'चालकदंड' असा शब्द वापरून पाहिला. गॅरेजमधल्या पोराला वाटलं, कुठल्या तरी ड्रायव्हरला दंड झाला!

तर मंडळी, आज या शाफ्टवर लिहिणार आहे. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या माणसाने हे कशाला लिहावं, असं पुण्याचे पुतणे म्हणतील. म्हणू द्यात. गेलं वर्षभर आठवड्यातून दोन संध्याकाळी मी एका गॅरेजात लाकडी बाकावर बसतो आहे. का बसतो, ते पुढे येईलच.

गॅरेज माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं. "सर, नाव नका टाकू" म्हणाला, म्हणून आपण त्याला मिस्त्रीच म्हणू. १९७९ साली नववीतून शाळा सोडली. मी तेव्हा त्याच्या घरी जाऊन आलो होतो. वडील म्हणाले, "सर, याला बसवा वर्गात, आमचं काही म्हणणं नाही, पण हा बसत नाही." तो बसला तो मोसम पुलापलीकडच्या एका मोमीन उस्तादांच्या हाताखाली. उस्तादांच्या घरी पिढ्यानपिढ्या माग. पूर्वी कारखान्यात एका मोटरवर वरून लांब शाफ्ट फिरायचा आणि त्याच्यावरून पट्ट्यांनी खालचे माग चालायचे, हे जुन्या मालेगावकरांना आठवत असेल. फिरत्या दांड्याची कुरकुर ओळखण्याची विद्या उस्तादांनी तिथे मिळवली आणि ट्रकखाली नेली. आमचा मिस्त्री आता स्वतः साठीचा झाला आहे.

त्याचं खास काम म्हणजे मिलिटरी डिस्पोजलच्या गाड्या. आपल्या लहानपणी 'डिस्पोजल' हा शब्द घराघरात होता, नाही का? डिस्पोजलचे बूट, डिस्पोजलची घोंगडी, डिस्पोजलची जीप. दुसरं महायुद्ध संपलं आणि गोऱ्या फौजेने मागे टाकलेल्या गाड्या लिलावात निघाल्या, तिथून हा शब्द आला. पुढे आपल्याच लष्कराच्या गाड्या डिस्पोजलला यायला लागल्या. त्यातली थोरली म्हणजे शक्तिमान. जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या परवान्याने १९५९ साली जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत ती बनू लागली, पुढे तिथल्याच व्हेईकल फॅक्टरीत. देवळालीला तोफखान्याचं स्कूल असल्याने नाशिककडच्या लोकांनी या गाड्या तोफा ओढताना भरपूर पाहिल्या आहेत. १९९६च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं आणि १९९७ साली दूरदर्शनवर त्याच नावाची मालिका सुरू झाली. त्यामुळे माझ्या नातवंडांच्या पिढीला शक्तिमान म्हटलं की गिरक्या घेणारा माणूसच आठवतो. गिरकीचा संबंध आहे म्हणा दोन्हीकडे!

दुसरी जोंगा. निस्सानच्या पेट्रोल गाडीवरून जबलपूरलाच बनलेली. इथे पेट्रोल हे गाडीचं नाव आहे, इंधन नव्हे. गस्त या अर्थाचा इंग्रजी शब्द. लष्करातून निवृत्त झालेल्या या गाड्या लिलावात जायच्या, व्यापारी घ्यायचे (बंगालमध्ये पानागडला तर त्यांचा मोठा बाजारच आहे), मग कुणी तिच्यावर बोअरची मशीन बसवी, कुणी पाण्याची टाकी, कुणी क्रेन. आग्रा रोडवर राहुड घाटात बंद पडलेले ट्रक टोचन करून आणायला चारही चाकांना ताकद असलेली गाडी लागते. आमच्याकडे डिस्पोजलची गाडी टिकली ती मुख्यतः या टोचनवाल्यांमुळे आणि उन्हाळ्यातल्या टँकरवाल्यांमुळे.

आता शाफ्टकडे येऊ. साध्या ट्रकला ताकद मागेच न्यायची असते. चारही चाकांच्या गाडीत मधे ट्रान्सफर केस नावाची पेटी असते. बहुतेक मोठ्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून या पेटीपर्यंत एक आखूड शाफ्ट, पेटीपासून मागे एक आणि पुढे एक. म्हणजे तीन शाफ्ट, आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना क्रॉस. क्रॉस म्हणजे अधिक चिन्हाच्या आकाराचा लोखंडी तुकडा. त्याच्या चारही टोकांवर वाट्या, वाट्यांत सुईसारख्या बारीक बेअरिंगच्या रांगा. चाक खड्ड्यात गेलं की मागचा आस वरखाली होतो, गिअरबॉक्स मात्र जागचा हलत नाही. या दोघांमध्ये वाकडं राहूनही फिरत राहायचं काम क्रॉस करतो.

ही युक्ती फार जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या इटलीच्या कार्दानोचं नाव तिला चिकटलं आहे, आणि इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने १६७६ साली तिच्याबद्दल छापून ठेवलं. शिवराज्याभिषेक १६७४चा. म्हणजे महाराज दक्षिण दिग्विजयाच्या तयारीत असताना तिकडे हा गृहस्थ दोन दांड्यांच्या मधला सांधा छापत होता. (इतिहासाच्या मास्तरला असे सोहळे जुळवल्याशिवाय करमत नाही, क्षमा असावी.) मोटारीत मात्र सुरुवातीला सायकलसारखी साखळी असायची. क्लॅरेन्स स्पायसर या अमेरिकन माणसाने १९०३ साली पेटंट घेऊन हा सांधा मोटारीत रुजवला. आजही कित्येक क्रॉसच्या खोक्यांवर त्याचं आडनाव छापलेलं दिसतं.

या सांध्यात एक खोड आहे, आणि मिस्त्रीची निम्मी कमाई त्या खोडीवर आहे. वाकड्या क्रॉसमधून गेलेलं फिरणं एकसारखं राहत नाही. इकडचा दांडा अगदी एका लयीत फिरत असला तरी पलीकडचा प्रत्येक फेऱ्यात दोनदा घाई करतो आणि दोनदा रेंगाळतो. २० अंशांचा बाक असेल तर सुमारे सहा टक्के पुढेमागे. मग गाडी हिसके का देत नाही? कारण शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढीच उलट घाई करतो आणि हिशोब मिटतो. पण त्यासाठी दोन्हीकडचा बाक सारखा हवा, आणि शाफ्टच्या दोन टोकांना असलेले कान, ज्यांना योक म्हणतात, एका ओळीत हवेत. एकाचे कान उभे आणि दुसऱ्याचे तिरके झाले की हिशोब मिटायचा सोडून वाढतच जातो.

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. एक टँकरवाला आला. गाडी चाळीसच्या पुढे गेली की सगळं केबिन थरथरतं म्हणाला. दोन वेळा बाहेरगावी नेऊन शाफ्ट मशीनवर बॅलन्स करून आणला होता, क्रॉस नवे, सेंटर बेअरिंग नवं. बिलं खिशात होती, ती त्याने एकेक करून बाकावर मांडली. मिस्त्रीने बिलांकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडीखाली गेला, शाफ्टवरचा चिखल खरवडला, हाताने पुसला आणि पोराला म्हणाला, "बाण शोध."

शाफ्टच्या मधे दाते असलेला सरकता भाग असतो, स्प्लाइन म्हणतात. आस वरखाली होताना शाफ्टची लांबी किंचित कमीजास्त व्हावी म्हणून. शाफ्ट खोलला की हे दोन भाग वेगळे होतात. जोडताना दोन्हीवरचे बाण समोरासमोर यावे लागतात. या शाफ्टवर एका बाजूचा बाण गंजून गेला होता आणि कुणीतरी अंदाजाने जोडून दिलं होतं. कान दोन-तीन दाते तिरके बसलेले. मशीनवर शाफ्ट सरळ धरून फिरवतात, तिथे बाक नसतो, त्यामुळे हा दोष मशीनला दिसतच नाही. दोन्ही वेळा मशीनने 'ठीक' असाच दाखला दिला होता, आणि तो खराही होता.

मिस्त्रीने शाफ्ट उतरवला, दाते ओढून वेगळे केले, फिरवून बसवले, छिन्नीने नवा बाण ठोकला. पाऊण तास. गाडी टेहरे चौफुलीपर्यंत जाऊन आली, केबिन गप्प. टँकरवाल्याचा चेहरा मात्र पडलेला. "मिस्त्री, काहीच नाही टाकलं?" म्हणजे नवीन पार्ट काहीच बसला नाही, मग पैसे कशाचे? मिस्त्रीने ३०० रुपये सांगितले, त्याने २०० दिले. शाळेतही असंच असतं म्हणा. पालकांना वह्यापुस्तकांचा खर्च समजतो.

आता बॅलन्सिंग. नळा सगळीकडे सारखा जाड नसतो, दगड लागून पोचा पडतो, वेल्डिंग एका बाजूला जास्त होतं. मग एक बाजू जड. थोडीशी जड असली तर काय बिघडतं, असं मला वाटे. म्हणून मी बाकावर बसल्याबसल्या त्रैराशिक मांडलं. ट्रकचं चाक एका फेऱ्यात सुमारे ३.३ मीटर जातं. ताशी ६० म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाचे ३०० फेरे. डिफरन्शिअलमुळे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट सहा-सात वेळा फिरतो. म्हणजे शाफ्टचे मिनिटाला सुमारे २००० फेरे. आता मध्यापासून ५ सेंटिमीटरवर ३० ग्रॅम वजन जास्त आहे असं धरा. एवढ्याशा वजनाची ओढ त्या वेगाला साडेसहा किलोच्या पुढे जाते! नात अकरावी सायन्सला आहे, तिच्याकडून आकडा तपासून घेतला. आणि वेग निम्मा केला तर ओढ निम्मी होत नाही, चौथाई होते. ताशी ३०ला गाडी शहाण्यासारखी वागते आणि ६०ला वेड्यासारखी, ती यामुळे. हा साडेसहा किलोचा हातोडा मिनिटाला २००० वेळा सेंटर बेअरिंगवर, गिअरबॉक्सच्या सीलवर बसतो. आधी तेल गळतं, मग बेअरिंग जातं, मग क्रॉस.

डिस्पोजलच्या गाड्यांचं आणखी एक दुखणं आहे. त्या डेपोत वर्षानुवर्षं उभ्या असतात. ग्रीस वाळतं, पाणी शिरतं, आणि क्रॉसच्या सुया एकाच जागी बसून लोखंडावर आपल्या रेघा उमटवतात. वाटी काढून बोट फिरवलं की कंगव्यावरून फिरल्यासारखं लागतं. असा क्रॉस कितीही ग्रीस भरा, टिकत नाही. मिस्त्रीने मला एक उलटी गोष्टही सांगितली. शाफ्ट अगदी सरळ रेषेत बसला तरी क्रॉस लवकर जातो, कारण बाकच नसला तर सुया जागच्या हलत नाहीत. थोडा बाक हवाच.

वाकलेला नळा सरळ करायची त्याची रीत बघण्यासारखी आहे. शाफ्ट लेथवर धरून डायल लावतो आणि हळूहळू फिरवतो. काटा अर्धा मिलिमीटर हलला तरी त्याच्या कपाळाला आठी. जिथे फुगवटा असेल तिथेच गॅसच्या ज्योतीने रुपयाएवढा भाग लाल करतो आणि मागावरच्या सुताचं वेस्ट पाण्यात बुडवून त्यावर दाबतो. मला वाटलं होतं ठोकून बसवतील. ठोकत नाहीत. लाल झालेली जागा थंड होताना आक्रसते आणि नळ्याला आपल्याकडे ओढून घेते. पुन्हा डायल, पुन्हा ज्योत.

यानंतर शाफ्ट दोन समपातळीतल्या धारांवर आडवा ठेवून सोडला तर जड बाजू आपोआप खाली येते. पण एवढ्याने भागत नाही. समजा, एका टोकाला वरच्या अंगाला जडपणा आहे आणि दुसऱ्या टोकाला तेवढाच खालच्या अंगाला. धारेवर असा शाफ्ट साधूसारखा निश्चल बसेल आणि फिरवला की दोन्ही टोकं उलटसुलट झटके देतील. म्हणून खरं बॅलन्सिंग फिरवूनच करावं लागतं, दोन्ही टोकांना वेगवेगळं. मशीन जागा आणि ग्रॅम दाखवतं, तिथे पत्र्याची पट्टी वेल्ड करायची. तुम्ही कधी ट्रकखाली वाकून पाहिलंत तर शाफ्टच्या टोकाजवळ अशी चिकटवलेली चौकोनी पट्टी दिसेल. पुष्कळ मिस्त्री तिला कचरा समजून रंग देताना छिन्नीने उडवतात!

मशीन परवडत नव्हतं त्या काळात उस्ताद खडूने काम करायचे. मागची चाकं घोड्यांवर उचलायची, इंजिन चालू करून गिअर टाकायचा, आणि फिरत्या शाफ्टजवळ खडू हळूहळू न्यायचा. जी बाजू बाहेर फेकली जाते तिलाच खडू लागतो. मग त्या बाजूच्या विरुद्ध रबरी पाइपाला लावतात तसली पट्टीची क्लिप बसवायची, तिचा स्क्रू हेच वजन. स्क्रू इकडेतिकडे सरकवत थरथर मिटेपर्यंत. पद्धत पोटापुरती बरोबर आहे, पण शाफ्ट आणि माणसाच्या हातात खडूएवढंच अंतर. १९८६ साली उस्तादांच्या सदऱ्याची बाही क्रॉसमध्ये गुंतली. उजव्या हाताची तीन बोटं आणि पंजाचा निम्मा भाग गेला. इंजिन बंद करायला धावला तो हाच, माझा विद्यार्थी, तेव्हा बाविशीचा. उस्ताद पुढे वीस वर्षं डाव्या हाताने ग्रीस भरत राहिले आणि याला शिकवत राहिले. तेव्हापासून मिस्त्रीच्या गॅरेजात फिरत्या शाफ्टखाली कुणी जात नाही. खडूचा डबा खिडकीत आहे, तो फक्त हिशोब लिहायला. पोरांनी बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या नसतील तर हा त्यांना घरी पाठवतो, आणि दिवसाची मजुरीही कापतो. मला हे आधी कडक वाटे.

मालेगाव म्हटलं की बाहेरचे लोक लगेच 'जुगाड' म्हणतात. इथले सिनेमे गाजले, त्यांच्यावर सिनेमे निघाले, चांगलं आहे. पण हा शब्द मला आता खपत नाही. या जानेवारीत एक क्रेनवाला चेसिस लांब करून आला. शाफ्ट दीड फूट कमी पडत होता. म्हणाला, मधे कापून तुकडा घाला, वेल्ड करा, रात्रीत पाहिजे. मिस्त्रीने नाही म्हटलं. लांब नळा एका ठराविक वेगाला उड्या मारायच्या दोरीसारखा मधून फुगतो आणि फुटतो. लांबी सव्वापट झाली की तो धोक्याचा वेग जवळजवळ एकतृतीयांशाने खाली येतो. पूर्वी गाडी ज्या वेगापर्यंत कधी पोचत नव्हती, तो आता उतारावर सहज गाठला जातो. त्यातून मधे जोड. मिस्त्री म्हणाला, दोन शाफ्ट करू, मधे सेंटर बेअरिंग, खाली पट्टीचा पाळणा म्हणजे तुटला तरी रस्त्यावर पडणार नाही. चार दिवस लागतील. क्रेनवाला आवाज चढवून म्हणाला, पैसे दुप्पट देतो.

मिस्त्री त्याला एवढंच म्हणाला, "घाटात मागे कोण बांधलेलं असेल, ते मला माहीत नाही." शाफ्टचं पुढचं टोक सुटलं आणि रस्त्यात रुतलं तर गाडी उलथू शकते. आणि जुन्या जीपच्या जातीच्या गाड्यांमध्ये हँडब्रेकसुद्धा ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवरच असतो. शाफ्ट तुटला की हँडब्रेकही गेला. क्रेनवाला गाडी घेऊन निघून गेला. तो कुठे गेला, कुणी जोडून दिलं की नाही, आम्हाला कळलं नाही. पुढचे दोन आठवडे मिस्त्री येणाऱ्या प्रत्येक टोचनवाल्याला घाटातली खबर विचारत होता.

आता मी तिथे का बसतो ते सांगतो. मिस्त्रीचे कान गेले आहेत. एका बाजूला यंत्रमाग, दुसऱ्या बाजूला हातोडे, चाळीस-पंचेचाळीस वर्षं. डॉक्टरांनी मशीन दिलं आहे, पण गॅरेजात त्याचा नुसता गोंगाट होतो म्हणून तो ते काढून ठेवतो. पूर्वी आवाजावरून सांगायचा, मागचा क्रॉस की सेंटर. आता चप्पल काढून गाडीच्या फळीवर अनवाणी उभा राहतो आणि तळपायाने ओळखतो. एका फेऱ्याला एक थरथर असेल तर वजनाचं दुखणं, दोन असतील तर कानांचं किंवा बाकाचं. मी उभा राहून पाहिलं, मला सगळं सारखंच लागलं.

मुलगा पुण्यात नोकरीला आहे. कामही बदललं आहे. लष्कराच्या जुन्या गाड्या कमी येतात, लिलाव ऑनलाइन होतात, १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द होते (लष्कराच्या खास कामाच्या गाड्यांना त्यातून सूट आहे). एम.एच. ४१ची पाटी लावलेल्या शक्तिमान आता मी बोटांवर मोजल्या आहेत. हाताखाली राहिलाय बिहारचा एक एकोणीस वर्षांचा पोरगा. हात चांगला आहे, घाई करतो.

मिस्त्री मला म्हणाला, "सर, तुमचं अक्षर चांगलं आहे. मी सांगतो, तुम्ही लिहा." म्हणून वही घेतली. पोराला मराठी वाचता येतं ते अडखळत, पण लिपी ओळखीची आहे. त्यामुळे मराठीत लिहितो आणि अवघड जागी त्याच्यासाठी हिंदी शब्द घालतो. कुठल्या गाडीला कुठल्या मापाचा क्रॉस, सर्कलिप किती जाडीची, डायल कुठे लावायचा, बाण नसेल तर कान एका ओळीत आहेत हे ओळंब्याने कसं पाहायचं. आकृत्या मिस्त्री स्वतः काढतो. नववीत भूमितीला नापास झालेल्या माणसाच्या मानाने फार सुबक काढतो, आणि तसं मी त्याला सांगितलं. ८४ पानं झाली आहेत.

तळपायाचं पान अजून कोरं आहे. ते कसं लिहायचं यावर आमचं तीन आठवडे चाललंय. मिस्त्री म्हणतो, "लिहा, एक थरथर, दोन थरथर." पोरगा म्हणतो, "सर, लेकिन गिनें कैसे?" शेवटी परवा मिस्त्रीने त्याला चप्पल काढायला लावली, फळीवर आपल्या शेजारी उभं केलं, आणि एका गाडीचा चांगला शाफ्ट मुद्दाम दोन दाते तिरका बसवून तिला मनमाड चौफुलीपर्यंत नेऊन आणलं. शनिवारी वजनाचं दुखणं असलेली गाडी येणार आहे. तोपर्यंत पान कोरंच ठेवा म्हणाला.